दाराचा भार

मित्रांनो, गाद्यांच्या एका कारखान्यामागे मोकळं आवार आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, रिकामी पिंपं आणि फाटक्या गोण्या टाकलेल्या असतात. त्या अडगळीच्या पलीकडे, भिंतीला टेकून मी पडले आहे. मी एक लोखंडी चौकट. खरं सांगायचं तर आता अर्धीच चौकट. माझा डावा पाय फार आधी कापला. उजवा अलीकडे जमिनीलगत कापला. डोक्यावरची आडवी तुळई तेवढी उजव्या पायाला अजून जोडलेली आहे. त्यामुळे लांबून मी सुताराच्या काटकोनी गुण्यासारखी दिसते.

तुम्ही म्हणाल, चौकटीची कसली आलीय गोष्ट? गोष्ट दाराची असते. दार उघडतं, दार मिटतं, दारावर कुणी टकटक करतं. चौकट नुसती उभी असते. अगदी खरं आहे. पण दार जितकं जड, तितकं तिचं उभं राहणं कठीण. माझं दार फार जड होतं.

माझा जन्म रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ती शेड दोन भावांची होती. दोघंही वेल्डर. लोक एकाला थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. थोरला बुटका, रुंद खांद्यांचा, आणि तोंडाने सदा काहीतरी गमतीचं बोलणारा. धाकटा उंच, देखणा, जरा भित्रा. आईवडील गेल्यावर तो अर्ध्या चड्डीत असतानाच भावाकडे आला आणि वहिनीच्या हाताखाली मोठा झाला. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणू लागली.

गाद्यांच्या कारखान्यात कापूस साठवायची एक खोली होती आणि तिला लागून शिवणखाना होता. कापसाला आग लागली तर ती शिवणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचू नये, म्हणून मालकांनी मधे एक लोखंडी दार बसवायचं ठरवलं. दार तयारच आलं होतं. दोन जाड पत्रे आणि त्यांच्यामध्ये ठासून भरलेली, न जळणारी लोकर. टेम्पोतून उतरवताना सहा माणसांच्या कमरा धरल्या. मॅनेजर म्हणाला, "बिजागऱ्या भिंतीत ठोका आणि टाका टांगून."

थोरल्याने भिंतीवर हाताने टकटक केलं आणि कान लावला.

"साहेब, ही भिंत स्वतःला सांभाळते हेच खूप आहे," तो म्हणाला. "हिच्या गळ्यात हे धूड बांधलं तर दोघं हातात हात घालून खाली येतील."

म्हणून त्याने मला बनवलं. दोन जाडजूड खांब आणि त्यांच्या माथ्यावर एक तुळई. खांबांची लांबी दारापेक्षा बरीच जास्त होती, कारण तेवढा भाग जमिनीत जायचा होता. दाराचा भार भिंतीला कळूच नये, तो माझ्या पायांतून सरळ जमिनीत उतरावा, हा त्याचा बेत. धाकटा जोड भरत होता आणि थोरला मागे उभा राहून बघत होता.

"हे पुन्हा कर," तो म्हणे. "वरून छान दिसतंय, आत भरलेलं नाही."

"कुणाला दिसणार आहे दादा?"

"जे कुणाला दिसणार नाही तेच नीट करायचं असतं. दिसणारं काय, रंगानेही झाकतं."

धाकटा तोंड वाकडं करी आणि पुन्हा करी. चिडत असे, पण करी.

एकदा वहिनी दोघांचा डबा घेऊन आली. मी दोन लाकडी घोड्यांच्या टेकूवर आडवी ठेवलेली होते. दमून आलेली ती बिचारी सरळ माझ्यावरच टेकली.

"अगं ऊठ, माझ्या लेकीवर बसलीस," थोरला ओरडला.

"सांगा तुमच्या लेकीला," वहिनी जागची न हलता म्हणाली, "आईचं वजन झेपत नसेल तर दाराचं काय झेपणार?"

दोघं भाऊ हसत सुटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं पहिलं ओझं म्हणजे ती. तेव्हा तिच्या मांडीवर डब्याची पिशवी होती आणि उजव्या हाताने ती पदराने वारा घेत होती. तो हात मला पुढे फार पाहायचा होता.

मला कारखान्यात उभं केलं त्या दिवशी थोरल्याने ओळंबा सोडून दोन्ही पाय सरळ आहेत का ते तपासले. तो खड्ड्यात उतरून, मातीत गुडघे टेकून बघत होता. मग माझ्या पायांभोवती काँक्रीट ओतलं. ते घट्ट होईपर्यंत दार टांगू द्यायला तो तयार नव्हता. मॅनेजरची घाई चालली होती. थोरला मात्र माझ्यासमोर स्टूल टाकून बसून राहिला. जणू कुणी येऊन मला पळवून नेणार होतं.

शेवटी दार टांगलं. मी पहिल्यांदा तो भार घेतला. तो खांद्यांवरून खाली सरकला, पायांत गेला, पायांतून जमिनीत उतरला. मला जराही भीती वाटली नाही. मालक आले. त्यांनी एका बोटाने दार लोटलं आणि ते आवाज न करता फिरलं.

"वा! काय दार आहे!" मालक म्हणाले. मॅनेजरही म्हणाला, वा. शिवणखान्यातल्या बायकाही दार लोटून बघायला आल्या.

धाकटा भावाच्या कानाशी लागला. "चौकटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, दादा."

"दार म्हणजे जावई," थोरला म्हणाला. "तो मिरवणारच. ही सासू आहे. हिने मागे उभं राहायचं, सगळं निस्तरायचं आणि फोटोत यायचं नाही."

माझी कामाची वर्षं सुरू झाली. सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी मिटायचं. दिवसभर कापसाचे गठ्ठे माझ्यामधून जात. हातगाडीचा कोपरा लागून माझ्या रंगाला टवके पडत. कुणी माझ्या अंगावर सूचनांचे कागद चिकटवी, कुणी छत्री अडकवी. मला त्याचं काही वाटत नसे. बायका जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी सावलीला बसत आणि घरच्या कटकटी सांगत. कुणाची सासू, कुणाचा पिणारा नवरा, कुणाच्या मुलीचा शाळेतला पहिला नंबर, हे सगळं मी ऐकलं आहे.

आणि एके दुपारी खरंच आग लागली. कापूस पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि बघता बघता खोली पेटली. आतली माणसं धावत बाहेर आली आणि त्यांनी दार लावून घेतलं. पलीकडे जाळ गरजत होता. दारावरच्या रंगाला फोड आले. माझी आतली बाजू करपली, पोपडे सुटले, लोखंड इतकं तापलं की कुणी हात लावला असता तर कातडी चिकटली असती. पण मी केसभरही हलले नाही. मी हलले असते तर दाराला फट पडली असती, आणि त्या फटीतून धूर शिवणखान्यात शिरला असता. तिथून बायका मागच्या अरुंद बोळातून बाहेर पडत होत्या. शेवटची बाई बाहेर पडली, बंब आले, आग विझली. कुणाला साधं खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दाराला हात जोडले. त्याचा फोटो काढून घेतला. दाराला नवा रंग मिळाला आणि उरलेला रंग मला.

थोरलाही आला होता. त्याने दाराकडे पाहिलंही नाही. खिशातून ओळंबा काढला, माझ्या दोन्ही पायांना लावला आणि दोरी स्थिर व्हायची वाट पाहिली.

"सरळ आहेस गं," तो म्हणाला. एवढंच. पण मला ते पुरे होतं.

त्यानंतर तो मला फारसा दिसला नाही. बायकांच्या बोलण्यातून कळत गेलं की वेल्डिंगचा धूर त्याच्या छातीत बसला होता. तो खोकत होता, मग अंथरुणाला खिळला, आणि मग गेला. त्यानंतर काही दिवसांनी वहिनी कारखान्यात कामाला आली. आता ती सगळ्यांची वहिनी झाली. संसाराच्या गाडीचं एक चाक गळलं तरी घर थांबत नाही, दोन मुलांची शाळा होती, खाणारी तोंडं होती.

तिचं काम गादीची कड शिवायचं. ते यंत्रावर होत नसे. जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि हात. इतर बाया दोन टाके घालीत तेवढ्यात वहिनीचे चार होत, आणि चारही सारखे. मॅनेजर बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापाशी नेऊन तिचा हात दाखवी. "यंत्र झक मारेल," असं तो म्हणे. तीही जरा खुलत असे. कापड आणायला ती दिवसातून कितीदा तरी माझ्यामधून जाई. थोरल्याने बनवलेली चौकट ती हीच, हे तिला माहीत होतं. पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही. रडलीही नाही. फक्त नव्या बायकांनी माझ्या अंगावर खिळा ठोकायला घेतला की म्हणे, "तिथे नको गं. दुसरीकडे ठोक."

शेड आता धाकटा चालवत होता. तो वहिनीच्या घरी येजा करी, पोरांना खाऊ नेई. वाईट नव्हता तो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला तो वाईट वाटेल.

एके दिवशी कारखान्यात माल वाहायची नवी गाडी आली. ती रुंद होती. माझ्यामधून जाईना. मॅनेजरने धाकट्याला बोलावलं.

"हा डावा खांब उडवून टाक. वाट रुंद कर. दार सरकतं करू, म्हणजे जागाही अडणार नाही."

"साहेब, भार तोच घेतो," धाकटा म्हणाला. "तो काढला तर तुळईचं टोक अधांतरी राहील."

"मग भिंतीत बसव."

"भिंत पोकळ आहे. पलीकडे जरा अंतरावर दुसरा खांब उभा करतो. खड्डा खणायला आणि काँक्रीट धरायला चार दिवस द्या."

"चार दिवस कारखाना बंद ठेवू?" मॅनेजर हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. कारखान्याच्या नव्या इमारतीची सगळी दारं तुला द्यायची मालकांच्या मनात आहे. तू अशी रडगाणी गाणार असशील तर दुसरा बघतो. बाहेर रांग लागलीय."

धाकट्याने माझ्या डाव्या खांबावर हात फिरवला. मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याच्या ओठांवर ते आलंही होतं.

"उद्या येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा डावा पाय कापला. कापताना त्याने मान दुसरीकडे वळवली होती. मग वाट रुंद केली, तुळईला तुकडा जोडून ती लांब केली आणि तिचं टोक विटांमध्ये भोक पाडून त्यात बसवलं. वरून सिमेंट लिंपलं. दाराला चाकं लावून ते तुळईखालच्या रुळावर टांगलं. दार पुन्हा आवाज न करता सरकलं. मॅनेजर म्हणाला, "बघ! उगाच घाबरत होतास."

मित्रांनो, तेव्हापासून मला झोप लागली नाही असं माणूस असते तर म्हणाले असते. उजवीकडे माझा पाय जमिनीत घट्ट होता. डावीकडे मात्र सगळा भार त्या बिचाऱ्या विटांवर गेला. त्यांचा काय दोष? त्या भार घ्यायला बनलेल्याच नव्हत्या. दार सरकलं की त्या कण्हत. दर वेळी त्यांचा एकेक कण सुटून खाली पडे.

ती लाल भुकटी आधी वहिनीला दिसली. गाद्यांच्या पांढऱ्या कापडावर ती लगेच उठून दिसे. ती मॅनेजरकडे गेली.

"साहेब, दारापाशी वरून विटेची भुकटी पडतेय."

"मग झाडून घ्या," मॅनेजर कागदातून मान वर न करता म्हणाला. "कापडाला डाग लागता कामा नये."

वहिनीने झाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं. मग तिने घरी दिराला सांगितलं असावं, कारण जेवणाच्या सुट्टीत धाकटा शिडी घेऊन आला. वर चढला. तुळईच्या टोकापाशी त्याने बोट घातलं आणि ते बोट आत गेलं. आत जिथे वीट हवी होती तिथे पोकळी होती. मी त्याचा चेहरा अगदी जवळून पाहिला. तो पांढराफटक पडला होता.

"काय हो भाऊजी?" वहिनीने खालून विचारलं.

"काही नाही वहिनी," तो म्हणाला. "गिलावा सुटलाय नुसता."

"मग बरं. मला उगाच धाकधूक वाटत होती."

त्याने ती पोकळी सिमेंटने भरली. वरून हात फिरवून इतकी गुळगुळीत केली, रंग असा बेमालूम लावला, की तिथे कधी काही झालं होतं असं कुणाला वाटलंही नसतं. शिडीवरून उतरताना तो स्वतःशीच पुटपुटला, "नव्या इमारतीचं काम हातावेगळं झालं की लगेच खांब लावतो. लगेच."

भुकटी पडायची थांबली. वहिनीने झाडू कोपऱ्यात ठेवून दिला. तिचा त्याच्यावर विश्वास होता. का नसावा? त्याच्या पायातला काटासुद्धा तिनेच काढलेला.

तो दिवस अगदी साधा होता. दुपारची वेळ होती, यंत्रांची घरघर चालली होती. वहिनी कापड आणायला आली. तिने उजव्या हाताने दाराची मूठ धरून ओढली. माझ्या डाव्या टोकाशी रंग तडकला. वहिनीने वर पाहिलं. तुळईचं टोक विटांमधून निसटलं, रूळ तिरपा झाला, चाकं सुटली. ती मागे उडी मारत होती, पण मूठ सोडायला एक क्षण उशीर झाला. दार तिच्या हातावर पडलं.

मी जीव खाऊन उजव्या पायावर उभी राहिले. तुळई अर्धवट लोंबली, पण पडली नाही. ती पडली असती तर वहिनीच्या डोक्यात पडली असती. मित्रांनो, तेवढंच माझ्या हातात होतं. शिवणखान्यातल्या सगळ्या बाया धावून आल्या आणि ज्या दाराला सहा पुरुष लागले होते ते त्यांनी किंचाळत, रडत, एकमेकींना हाका मारत उचललं.

वहिनी वाचली. हात मात्र गेला. कापावा लागला नाही, पण कोपरापासून खाली तो नुसता लोंबत असे. बोटं मिटत नव्हती. सुई सोडा, तिला त्या हाताने घासही धरता येईना.

काही दिवसांनी चौकशीसाठी एक अधिकारी आले. ते माझ्यासमोरच खुर्ची टाकून बसले. मॅनेजर होता, मालक होते, धाकटा होता. मागे, बायकांच्या घोळक्यात, हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेली वहिनी उभी होती.

"चौकट फार जुनी होती साहेब," मॅनेजर म्हणाला. "आतून पार गंजलेली. आम्हाला बाहेरून काय कळणार? विचारा याला. याच्याच भावाने बनवली होती."

अधिकाऱ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "तुम्ही काम केलं तेव्हा चौकट कशी होती?"

धाकट्याने घसा खाकरला. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. स्वतःच्या चपलांकडे बघत तो म्हणाला, "जुनी होती साहेब. गंजलेली होती. माझा भाऊ... तेव्हा त्याच्याकडे चांगला माल नसायचा. मिळेल ते लोखंड तो वापरायचा."

बायकांमध्ये कुजबुज झाली. वहिनी हलली नाही. मी तिच्याकडेच बघत होते. आधी तिला वाटलं की आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग हळूहळू तिला कळलं की बरोबरच ऐकलं. ते कळतानाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. दार पडलं तेव्हाही तो इतका दुखावलेला नव्हता.

ती पुढे आली. कमरेच्या कात्रीला डावा हात घातला. दोरा कापायची छोटी कात्री, कामावर नसतानाही सवयीने खोचलेली. तिने कात्रीच्या टोकाने माझ्या उजव्या खांबाचा रंग खरवडायला सुरुवात केली. डाव्या हाताला सवय नव्हती. कात्री घसरत होती. पण रंगाचा एक थर गेला, दुसरा गेला, आगीत करपलेला तिसरा गेला, आणि खालून स्वच्छ, चकचकीत लोखंड दिसू लागलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "गंज कुठाय? दाखवा मला."

धाकटा एक पाऊल मागे सरला.

"इथे नसेल तर दुसरीकडे खरवडते. कुठे खरवडू ते सांगा."

"बाई," अधिकारी मऊ आवाजात म्हणाले, "असं वरवर खरवडून आतलं कळत नसतं. तुम्ही बसा. तुमची अवस्था आम्ही समजू शकतो."

तिच्या हातातली कात्री कुणीतरी हळूच काढून घेतली. एक बाई तिला पाणी द्यायला घेऊन गेली. चकचकीत लोखंडाचा तो तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याकडे कुणीच पाहत नव्हतं. जुनी चौकट गंजून निकामी झाली आणि त्यातून अपघात घडला, दोष कुणाचाच नाही, असा निकाल लागला. मालकांनी हळहळ व्यक्त केली. मॅनेजर वहिनीला म्हणाला, "हात बरा झाला की या. तुमची जागा कुठे जात नाही." हात बरा होणार नाही हे त्याला माहीत होतं. तिलाही.

नव्या इमारतीची दारं धाकट्यालाच मिळाली.

मला काढायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्याने उजवा पाय खणून काढायचा प्रयत्न केला, पण थोरल्याने तो इतका खोल घातला होता की पहारी वाकल्या. शेवटी त्याने जमिनीलगत कापायला घेतलं. कटरची चकती फिरत होती, ठिणग्या उडत होत्या. एक चकती झिजली. दुसरी झिजली. गंजलेल्या लोखंडाला एवढा वेळ लागत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिसरी चकती लावता लावता त्याचे हात थांबले आणि तो तसाच खाली बसला.

नेमकी तेव्हाच वहिनी आली. तिचा डबा आणि चष्मा कारखान्यात राहिले होते, ते न्यायला. दीर असा दारातच बसलेला. त्याला ओलांडल्याशिवाय तिला जाता येईना.

"वहिनी," तो म्हणाला. "मलाही पोरंबाळं आहेत. काम गेलं असतं तर..."

"मलाही आहेत, भाऊजी."

"मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. घरात जे लागेल ते..."

"हाताचं मी काही बोलले का?" ती म्हणाली. "हात गेला, गेला. तुमच्या हातून चूक झाली म्हणाला असतात तर मी पदरात घेतली असती. लहानपणापासून तेच तर करत आलेय. पण तुम्ही त्यांच्यावर ढकललंत. ते असते तर ढकललं असतंत का?"

धाकट्याने हातातली चकती खाली ठेवली.

"नसतं ढकललं. ते नाहीत, आणि आता उलटून बोलणार नाहीत, म्हणून तुम्हाला ते बरे सापडले."

तिने डावा हात पुढे केला. मला वाटलं, ती त्याच्या डोक्यावर ठेवते आहे. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. पण तिने तो फक्त माझ्यावर टेकवला, तोल सावरून त्याला ओलांडलं आणि आत निघून गेली. परत जाताना ती मागच्या बोळातून गेली.

त्याने डोळे पुसले, चकती लावली आणि माझा पाय पुरा कापला.

तेव्हापासून मी इथे आहे. पहिले काही दिवस बाया जेवायला इकडे येत. आता त्याही येत नाहीत. वहिनीचं काय झालं ते मला कळत नाही. सांगणारं कुणी उरलं नाही.

मित्रांनो, जड दारातून आतबाहेर करताना एकदा वर नजर टाकत जा. कुणाच्या आधारावर ते उभं आहे, तो आधार कुणी काढून घेतला आहे का, ते बघत जा. भुकटी पडताना दिसली तर नुसती झाडून टाकू नका. कुणीतरी वर चढून बघेपर्यंत सांगत राहा. आणि जो उत्तर द्यायला उरलेला नाही त्याच्या माथ्यावर आपलं पाप मारू नका.

वहिनीने खरवडलं होतं त्या जागेला कुणी पुन्हा रंग लावला नाही. कापलेल्या पायाचं तोंडही उघडंच आहे. रात्रीचं दव पडतं. कालपासून तिथे तांबूस डाग दिसू लागले आहेत. हळूहळू ते पसरतील. मग कधी कुणाला शंका आलीच आणि तो मला बघायला आला, तर म्हणेल, खरंच की, ही तर गंजलेलीच होती. म्हणून कुणाला यायचं असेल तर त्याने पाऊस लागायच्या आत यावं.